रक्तदाब आणि अंगमेहनत : कोणत्या वयात किती व कशी?



या अंकात खोडवा व्यवस्थापनावर लिहावयाचे असे आम्ही ठरविले होते. परंतु गेल्या गळीत हंगामात दोन गोष्टी अशा घडल्या की खोडवा पुढच्या अंकावर ढकलून हा विषय घ्यावा असे वाटले.

पहिली गोष्ट. आमच्या एका गटातील जुने सभासद ऊस बिल काढायला बँकेत गेले. स्लिपवर सही करायला पेन धरले आणि उजवा हातच उठेना. जीभ जड झाली, तोंड एका बाजूला ओढले. अर्धांगवायूचा झटका. दोन वर्षांपूर्वी त्यांना रक्तदाब असल्याचे निघाले होते. दोन महिने गोळ्या घेतल्या, बरे वाटू लागले, म्हणून बंद केल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते अडखळत म्हणाले, "सायेब, उभा जन्म रानात राबलो. मला ह्ये कसं झालं?" आज ते डाव्या हाताचा अंगठा उठवितात.

दुसरी गोष्ट आमची स्वतःची. त्याच आठवड्यात कारखाना कार्यस्थळावर आरोग्य तपासणी शिबिर होते. इतरांना रांगेत उभे करता करता आम्हीही हात पुढे केला. आकडा निघाला १६२/१००. आमचे वय सेहेचाळीस. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, काही म्हणजे काही त्रास नव्हता. दिवसभर शिवारात असतो, तेव्हा आपली प्रकृती ठणठणीत, अशी आमची समजूत होती. नीट विचार केला तेव्हा कळले की आम्ही शिवारात नसतो, शिवारातल्या मोटारसायकलवर असतो!

आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेले कर्मचारी आहोत. खाली जे लिहिले आहे ते डॉक्टरांना विचारून व वाचून, आपल्या लोकांना समजेल अशा भाषेत मांडले आहे. औषधाचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

दाब म्हणजे काय?

मोटार, पाइपलाइन आणि ठिबक वापरणाऱ्या सभासदाला दाब समजावून सांगायला नको. आपले हृदय हा एक पंप आहे. मिनिटाला साधारण ५ लिटर, म्हणजे दिवसाला ७,००० लिटरच्या वर रक्त तो फिरवितो आणि दिवसात सुमारे एक लाख ठोके देतो. या पंपाला भारनियमन नाही की सुट्टी नाही.

पंपाने जोर दिला की नळीत जो दाब असतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये जो दाब शिल्लक राहतो तो खालचा आकडा. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तेव्हा १२० चा दाब म्हणजे पाण्याचा सुमारे ५ फूट ४ इंच हेड झाला. १८० म्हणजे ८ फूट हेड. आमचा १६२ म्हणजे सव्वासात फूट. ज्या नळ्या पाच-सव्वापाच फूट हेडसाठी बसविल्या, त्यांच्यावर रात्रंदिवस सात-आठ फूट हेड चालविला तर काय होईल, हे पाइपलाइनवाल्या सभासदाने स्वतःच सांगावे.

हा दाब प्रथम मोजणारा माणूस झाडांच्या रसाचाही दाब मोजणारा होता, हे वाचून आम्हा शेतकी लोकांना मोठी मौज वाटली. स्टीफन हेल्स नावाचे इंग्रज धर्मोपदेशक होते. त्यांनी छाटलेल्या द्राक्षवेलीला काचेची नळी जोडून रस किती चढतो ते पाहिले व त्यावरचा ग्रंथ १७२७ साली प्रसिद्ध केला. त्याआधीच त्यांनी तशीच उंच नळी एका घोडीच्या रक्तवाहिनीला जोडली होती, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंच चढले. ही हकीकत त्यांच्या १७३३ सालच्या ग्रंथात आहे. आज नळी खुपसावी लागत नाही, दंडाला पट्टा बांधला की झाले. तरीसुद्धा आपण हात पुढे करीत नाही!

साधारणपणे १२० च्या खाली व ८० च्या खाली हा उत्तम दाब. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर उच्च रक्तदाब समजावा. "वयात शंभर मिळवा, तेवढा दाब चालतो" असे जुनी माणसे सांगतात. ते खरे नाही. साठ वर्षांच्या माणसाला १६० चालतो असे समजून स्वस्थ बसू नये.

हा विकार हुमणीसारखा आहे. ऊस वरून हिरवागार दिसतो आणि खाली मुळ्या खाल्ल्या जातात. पाने पिवळी पडून ऊस वाळू लागला म्हणजे आपण खोदून बघतो, पण तोवर नुकसान होऊन गेलेले असते. इथे मुळ्यांच्या जागी मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळे आहेत. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ वर्षांवरील शंभर पुरुषांत २४ व शंभर स्त्रियांत २१ जणांचा दाब वाढलेला आढळला किंवा ते त्यासाठी गोळ्या घेत होते. म्हणजे चौघे बांधावर बसले तर एकाची शंका घ्यावी.

"आम्ही तर राबतोच की!"

व्यायामाचे नाव काढले की सभासद हसतात. "सायेब, व्यायाम शहरातल्या लोकांनी करावा. आमचं अंग दिवसभर हालतंच की." हे बोलणे आमच्या वडिलांच्या पिढीला शोभत होते. त्या वेळी मोट होती, बैलाचा नांगर होता, बांधणीला कुदळ होती आणि बाजाराला चालत जावे लागे. आता नांगरट ट्रॅक्टरची, बांधणी पॉवर टिलरची, मोटार मोबाइलवरून चालू, पाणी ठिबकचे, तोडणीला टोळी नाहीतर हार्वेस्टर आणि घरापासून रानापर्यंत मोटारसायकल. पीक तेच राहिले, पण शेतकऱ्याची मेहनत बदलली. खाणे मात्र मोटेच्या काळातलेच राहिले.

अंग हालविण्याने फरक पडतो हे १९५३ साली लंडनमध्ये ठळकपणे पुढे आले. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसभर जिने चढत-उतरत. कंडक्टरांना हृदयविकार कमी व ड्रायव्हरांना जास्त असे दिसले. त्याच मॉरिस यांनी पुढे असेही दाखविले की ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कंबरेने मोठे होते, म्हणजे सगळा फरक जिन्याचाच असे नव्हे. पण पुढील सत्तर वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्का केला आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या सीटवर बसणारा आणि मोळी घेऊन फळीवरून चढणारा यांची तुलना करून पाहावी.

मग सगळी अंगमेहनत सारखीच का? तसेही नाही. खुरपणी, पाचट आवरणे, तुटाळी भरणे, दारे धरणे ही कामे दम थोडा वाढेल अशी केली तर ती जमेस धरावीत. पण श्वास कोंडून ४५ किलोचे युरियाचे पोते उचलले तर त्या क्षणी दाब उतरत नाही, उलट झपाट्याने चढतो. दाब जास्त असणाऱ्याने अशी ओझी एकट्याने उचलू नयेत, आणि उचलताना श्वास सोडावा. शिवाय राबणाऱ्याला रक्तदाब होतच नाही, हा तर शुद्ध गैरसमज आहे. आनुवंशिकता, मीठ, तंबाखू, दारू, वाढलेले पोट आणि अपुरी झोप हीही कारणे आहेत. त्या जुन्या सभासदांच्या प्रश्नाला आमचे उत्तर हेच, की ते राबले हे खरे, पण गेली पंधरा वर्षे राबणे कमी झाले होते आणि गोळी बंद होती.

नियमित दमदार हालचालीने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सुधारते, त्या सैल पडतात आणि हृदयाला तेच काम कमी जोरात करता येते. उच्च रक्तदाब असणाऱ्याचा वरचा आकडा यामुळे सरासरी ५ ते ८ ने उतरतो. एकदा चालून आल्यावरही पुढे काही तास दाब थोडा कमी राहतो. मात्र चालणे सोडले की काही आठवड्यांत दाब पुन्हा जागेवर येतो. म्हणून व्यायाम खतासारखा हप्त्याहप्त्याने द्यावा. वर्षाचा युरिया एकदम ओतून ऊस पोसत नाही, तसे यात्रेच्या आठ दिवसांत चालून वर्षाची भरपाई होत नाही.

वयानुसार मात्रा

लागणीचे वेळापत्रक खोडव्याला चालत नाही. माणसाचेही तसेच आहे.

(१) १८ ते ४० वर्षे. या वयात नळ्या लवचिक असतात, म्हणून त्रास जाणवत नाही आणि तपासणी कोणी करीत नाही. तरुण सभासदांनी आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम मेहनत, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराची मेहनत करावी. धावणे, पोहणे, कबड्डी, जोर-बैठका, सायकल, जे आवडेल ते. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. ज्यांच्या आई-वडिलांना रक्तदाब आहे त्यांनी विशीतच एकदा मोजून घ्यावा. तालमीत किंवा जिममध्ये कोणी पावडर, इंजेक्शन दिले तर घेऊ नये. काहींनी दाब वाढतो.

(२) ४० ते ६० वर्षे. हा आमचा गट, आणि सर्वांत फसवा. कर्ज, मुलांची शिक्षणे, पोरीचे लग्न, भावकीचे वाद, रात्रीच्या लाइटचे पाणी, सगळे याच वयात. पोट सुटते. या वयात भरभर चालणे हा सर्वांत सोपा उपाय. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. वेग किती? बोलता आले पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये, इतका. हिशेब सांगतो. चौरस आकाराच्या एक एकर रानाच्या बांधाला एक फेरी म्हणजे साधारण २५० मीटर. अशा दहा फेऱ्या म्हणजे अडीच किलोमीटर, म्हणजेच अर्ध्या तासाचे भरभर चालणे. एका दमात झाले नाही तर सकाळी पाच, संध्याकाळी पाच. वजन जास्त असेल तर साधारण दर किलो कमी होण्यामागे दाब एकाने उतरतो असे धरतात. तेव्हा पाच किलोही वाया जात नाहीत.

(३) साठीच्या पुढे. वय वाढेल तशा मोठ्या रक्तवाहिन्या कडक होतात. उन्हात राहिलेला पाइप जसा ताठ होतो, तसे. त्यामुळे वरचा आकडा चढत जातो आणि पन्नाशी-साठीनंतर खालचा उलट उतरू लागतो. १६५/७५ असा आकडा बघून "खालचा तर चांगला आहे" म्हणून समाधान मानू नये. या वयातही चालणे तेवढेच उपयोगी, पण सुरुवात दहा मिनिटांनी करावी व दर आठवड्याला थोडे वाढवावे. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही हवा. भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे. पडून मांडीचे हाड मोडले तर सगळाच हिशेब चुकतो. गोळी चालू असणाऱ्यांनी अंथरुणातून एकदम उठू नये. मिनिटभर काठावर बसावे, मग उभे राहावे. रात्री मोटारीवर जाणाऱ्या आबा-तात्यांनी हे ध्यानात ठेवावे. फिरण्यास बांधापेक्षा सपाट वाट बरी. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, तेव्हा अंधारात फिरू नये आणि समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने चालावे.

भगिनींविषयी

शिबिरात पुरुषांची रांग लांब होती. बायका आपल्या मालकांच्या पिशव्या धरून बाजूला उभ्या. विचारले तर, "आमचं काय बघायचंय, ह्यांचंच बघा." हे बरोबर नाही. पाळी गेल्यानंतर स्त्रियांचा दाब वाढू लागतो आणि उतारवयात त्या पुरुषांच्या बरोबरीला येतात. घरकाम व भांगलण यांत कष्ट पुष्कळ, पण ते बहुतेक बसून, वाकून. दम वाढेल असे चालणे त्यात थोडे. दोघींनी-चौघींनी मिळून संध्याकाळी फिरावे, कोणी काही म्हणत नाही. गरोदरपणात दाब वाढणे आई व बाळ दोघांनाही धोक्याचे असते. दर तपासणीत मोजावा आणि डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज असल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

मोजण्याची रीत

उसाचे वजन चुकले तर आपण काट्यावर भांडतो, पण दाब कसाही मोजला तरी चालवून घेतो. पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी व मेहनत नको. लघवी करून यावे.
२. पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकलेला. बोलू नये.
३. पट्टा सदऱ्याच्या बाहीवर नव्हे, उघड्या दंडावर बांधावा.
४. मिनिटभराने पुन्हा मोजावे. पहिल्या वेळी दोन्ही हातांचा मोजावा.
५. एका आकड्यावर घाबरू नये आणि एका चांगल्या आकड्यावर विसंबूही नये.

तिशीवरील सर्वांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात होते. गोळ्याही तेथे मिळतात. २०१७ साली केंद्र सरकारने रक्तदाब नियंत्रणाचा जो विशेष उपक्रम सुरू केला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आपल्या राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे होते. तोडणी मजुरांच्या मुकादमांनाही एक विनंती. टोळीतील ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी गावाकडचा कागद बरोबर आणावा. सहा महिने गोळीविना कोयता चालवू नये.

गोळी, मीठ आणि इतर

"गोळी एकदा लागली की जन्माची लागते," या भीतीने बरेच लोक गोळी टाळतात. गोळीचे व्यसन लागत नाही. गोळी बंद केली की दाब चढतो, कारण विकार जागेवरच असतो. मोटार बंद केली की पाट आटतो, म्हणून मोटारीला दोष देत नाहीत. चालण्याने, वजन उतरल्याने व मीठ कमी केल्याने दाब उतरला तर डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करतात. आपल्या मनाने कमी करू नये.

मीठ दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तेही सगळे मिळून. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण यांतले मीठ आपण मोजतच नाही. ताटात वरून मीठ घेणे आधी बंद करावे. तंबाखू, मशेरी, विडी सोडावी. दारूही. आणखी एक गोष्ट. कंबर-गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून रोज खाणारे सभासद पुष्कळ आहेत. त्यांतील बऱ्याच गोळ्यांनी दाब वाढतो आणि मूत्रपिंडाला इजा होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

दाब १८०/११० किंवा त्याच्या वर असेल तर व्यायाम सुरू करू नये, आधी डॉक्टर. चालताना छातीत दुखले, दम फार लागला किंवा चक्कर आली तर थांबावे व दाखवावे. आणि तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसले तर अंगारा, तेल, मालिश यात घटका घालवू नये. १०८ ला फोन करून मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके बरे. आमच्या त्या सभासदांना आधी घरी नेले, मग कोणी सांगितले म्हणून दुसऱ्या गावी नेले. तेवढ्यात दिवस मावळला.

शेवटी

आम्ही गोळी सुरू केली, मीठ कमी केले आणि रोज अर्धा तास चालू लागलो. पाच महिन्यांनी आकडा १३२/८४ आला. यात गोळीचे किती व पायाचे किती, हे आम्हाला सांगता येणार नाही. दोन्ही चालू ठेवणार आहोत, एवढे नक्की.

आता एक योजना. ऊस नोंदीला व प्लॉट पाहणीला आम्ही येऊ तेव्हा मोटारसायकल रस्त्यालाच लावून प्लॉटला पायी पूर्ण फेरी मारू. सभासदाने बांधावर उभे राहून "त्यो बघा, चांगलाच हाय ऊस" असे न म्हणता आमच्याबरोबर चालावे, घरातील मंडळींनाही आणावे. आतली तुटाळ दिसेल, खोडकीड दिसेल, फुटलेला ठिबकचा पाइप दिसेल आणि आपल्या दोघांचाही थोडा दाब उतरेल. पुढील अंक हाती पडेपर्यंत घरातील प्रत्येक मोठ्या माणसाचा रक्तदाब एकदा मोजून त्याचा आकडा ऊस बिलाच्या वहीत लिहून ठेवावा, ही सर्व सभासदांना नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी